दाराआडचा डबा

भाड्याची खोली दाखवताना लोक नळ सोडून दाखवतात, पंखा लावून दाखवतात, वारा कुठल्या खिडकीतून येतो ते सांगतात. काकींनी मला आधी कचरा कुठे टाकायचा ते दाखवलं.

शहापूरला बाजाराच्या मागच्या आळीत त्यांचं बैठं घर होतं. मागच्या अंगाला एक खोली, तिला लागून चिंचोळं स्वयंपाकघर आणि त्याहून चिंचोळं बाथरूम. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी नव्यानेच नोकरीला लागले होते आणि राहायला जागा शोधत होते. माझी बॅग अजून हातातच होती. काकी ओट्यासमोर उकिडव्या बसल्या, सिंकखालच्या कपाटाचं दार त्यांनी उघडलं आणि मान वर करून मला म्हणाल्या, "बस खाली. उभ्यानं दिसायचं नाय."

मी बसले. सिंकचा पाइप वाकून भिंतीत गेला होता. त्या वाकड्या पाइपाच्या दोन्ही बाजूंची जागा एरवी झुरळांसाठीच सोडलेली असते. इथे मात्र त्या जागेत पत्र्याचे दोन डबे बसवले होते. होते तेलाचेच डबे, पण पाइपाच्या वळणाप्रमाणे त्यांचे कोपरे कापून, हात कापू नये म्हणून कडा आत दुमडलेल्या. डावा ओल्या केराचा, उजवा सुक्याचा. दार उघडलं की त्याला जोडलेल्या सळईने दोन्ही डबे रुळावरून थोडे पुढे यायचे, लावलं की आपोआप मागे जायचे. दाराच्या आतल्या बाजूला एक पातळ पेटी आणि तीत घडी घातलेल्या पिशव्या.

"एवढीशी जागा. डबा बाहेर ठेवलास तर चालशील कुठनं?" काकी म्हणाल्या आणि दार दोनदा उघडून लावून दाखवलं.

मग बाथरूम. आत दोघी मावत नव्हतो, म्हणून त्या आत आणि मी दारात. बेसिनखाली वीतभर रुंदीचं उभं कपाट होतं. त्याची बिजागरी खाली होती, त्यामुळे वरची मूठ ओढली की दार आपल्याकडे झुकायचं आणि आतला झाकणाचा डबा समोर यायचा. वरच्या फळीवर वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे रचलेले.

"ह्यो तुझा," काकी म्हणाल्या. "पॅड, कापूस, केस, काय असंल ते. कागदात गुंडाळायचं, आत टाकायचं, दार सोडायचं. दार आपलं आपण लागतं."

आमच्या घरात 'पॅड' हा शब्द आई-मुलींमध्येसुद्धा कुणी उच्चारत नसे. काकींनी तो मीठ-मिरची म्हणावं तसा म्हटला. माझी नजर खाली गेली.

"लाजलीस?" त्या हसल्या. "जाईल ते."

मी खोली घेतली. भाडं, पाणी, वीज यांबद्दल विचारायचं मला नंतर सुचलं.

काकी उंच, सडसडीत. नऊवारीचा कासोटा घट्ट बांधलेला, आणि चालताना वाटेत काही पडलेलं दिसलं की न थांबता वाकून उचलायच्या. त्यांचा सगळा संसार भातसानगरला झाला होता. काका तिथल्या धरणाच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि राहायला कॉलनीतलं क्वार्टर. "सगळ्या मुंबईला पाणी आमच्या दारातनं जायचं," काकी सांगायच्या, "आणि आमच्या मोरीत हंडा ठेवला का बादलीला जागा नाय." तिथेच त्यांना हे वेड लागलं. घरातल्या प्रत्येक वस्तूला जागा मिळते, केरालाच का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी सांगायचं आणि काकांनी बनवायचं. आपलं झाल्यावर शेजारच्या क्वार्टरमध्ये, मग त्याच्या पलीकडच्या. कॉलनीतल्या कितीतरी ओट्यांखाली या दोघांच्या हातचे डबे होते.

काका फार बोलत नसत. कानावर सुताराची पेन्सिल, ती लग्नाकार्यातही तशीच. काकी मोजायच्या वितीने आणि काका टेपने, आणि दोन्ही मापं कधीच जुळत नसत.

"अवो, दीड वीत बोलले ना मी."

"तुझी वीत सकाळी एक असते, संध्याकाळी एक."

एवढंच काका बोलायचे आणि मग काकींच्या वितीप्रमाणेच कापायचे. बहुतेक वेळा ते बरोबर बसायचं. बसलं नाही तर काकी पत्र्याला दोष द्यायच्या.

कुणाच्याही घरी गेल्या की काकी आधी सिंकखालचं कपाट उघडायच्या. आळीतल्या बायकांना हे माहीत झालं होतं. हळदीकुंकवाला काकी येणार असल्या की बायका दिवाणखाना राहू दे, आधी ओट्याखाली आवरायच्या. एकीने माझ्याकडे तक्रारही केली, "तुमच्या मालकीणबाई देव बघायच्या आधी केर बघतात." मी ते काकींना सांगितलं. त्यांना राग वगैरे आला नाही. "देव काय, सगळेच पुसून ठेवतात," त्या म्हणाल्या.

मुलासाठी मुलगी बघायला त्या किन्हवलीला गेल्या होत्या, तेव्हाची गोष्ट तर आळीत सगळ्यांना पाठ होती. पोह्यांच्या बश्या हातात आल्या आणि काकी उठून सरळ आत गेल्या. मुलीची आई घाबरून मागोमाग. काकींनी मुलीला विचारलं, "केर कुठं ठेवतेस गो?"

मुलगी धीट होती. "दाराच्या मागे," ती म्हणाली. "पण जागा चुकीची आहे. येता-जाता पाय लागतो. मी बाबांना केव्हाची सांगतेय, हलवू या म्हणून."

काकी बाहेर आल्या, पोहे संपवले आणि काकांना म्हणाल्या, "आपलं ठरलं." बाकीच्यांना काय ठरलं तेच कळेना. मुलगा बिचारा अजून तिच्याकडे नीट बघायचाच होता. ती सून पुढे कल्याणला राहायला गेली आणि काकींशी फोनवर कपाटांच्या बिजागऱ्यांबद्दल भांडत राहिली. काकींना सगळ्या नात्यात तीच एक माणूस आपल्या तोडीची वाटायची.

एकदा होळीला घरात पाहुणे होते. काकांनी नुकताच सुक्या केरासाठी एक नवा खण बसवला होता, ओट्याला लागून, गुळगुळीत, आत पांढरं रेक्झिन लावलेला. एका पाहुणीला वाटलं, हा पोळ्यांचा खण. तिने गरम पुरणपोळ्यांची चळत त्यात ठेवली. जेवायला बसल्यावर पोळ्या कुठे म्हणून शोधाशोध झाली, आणि ती खण ओढून म्हणाली, "या काय, इथं छान ठेवल्यात."

पाहुणीला कुणीतरी कानात सांगितलं आणि ती रडायच्या बेतात आली. काकींनी शांतपणे वरची पोळी काढली, तुपाची धार सोडली आणि उभ्यानेच खाल्ली. "नवीन हाय, अजून वापरला नाय," असं सगळ्यांना सांगितल्यावर तोंड पुसून पुढे म्हणाल्या, "आणि वापरला असता तरी मी रोज घासते. तुमचे पोळ्यांचे डबे घासता का तुमी रोज?" त्या दिवशी त्या इतक्या खूश होत्या, की संध्याकाळपर्यंत आल्यागेल्याला तो खण उघडून दाखवत होत्या.

अशा माणसाच्या घरात राहिलं की आपल्यालाही सवय लागते. मी सुट्टीला गावी गेले की हात आपोआप ओट्याखाली जायचा. आईच्या मोरीत मी एक तसलंच झुकणारं दार करून घेतलं, काकांकडून माप आणून. आई आधी नको म्हणाली, आणि नंतर मावशीला दाखवायला घेऊन आली.

काही काळाने संस्थेने मला मुलींच्या वसतिगृहावर अधीक्षिका म्हणून पाठवलं. वसतिगृह धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. वरच्या पाड्यांवरच्या आणि आसपासच्या गावांतल्या मुली तिथे राहून शिकायच्या. इमारत पक्की, अंगण मोठं, मागे शेत. बाथरूम मात्र कुणी बांधली देव जाणे. दार आत उघडायचं आणि संडासाच्या भांड्याला लागायचं. बादली ठेवली की मुलीला उभं राहायला एका फरशीएवढी जागा उरायची. केराचा डबा ठेवायचा विचारही कुणाच्या मनात आला नसणार, कारण ठेवणार कुठे?

एका दिवाळीनंतर गटार तुंबलं. साफ करायला आलेल्या माणसाने लांब काठीने जे बाहेर काढलं, ते अंगणाच्या कडेला ढीग करून ठेवलं. मुलींची पॅड, फडकी. स्वयंपाकी, वॉचमन, दूध घालायला आलेला माणूस, सगळे बघत उभे. मुली खोल्यांची दारं लावून आत बसल्या. मी चादर आणून त्या ढिगावर टाकली आणि सगळ्यांना तिथून हलवलं, पण व्हायचं ते झालं होतं.

संस्थेचे सचिव माणूस वाईट नव्हते. त्यांनी लगेच शेताच्या टोकाला खड्डा खणून दिला आणि फर्मावलं, प्रत्येक मुलीने आपलं आपण तिथे नेऊन टाकावं. पण त्या खड्ड्याकडे जायची वाट स्वयंपाकघरासमोरून आणि मग रस्त्याच्या कडेने होती. शाळेतले मुलगे त्याच रस्त्याने जायचे. हातात कागदाची पुडी घेऊन कुठली मुलगी शेताकडे निघाली, की तिला काय झालंय ते सगळ्यांना कळायचं.

सुगंधा दहावीत होती. वरच्या पाड्यावरची, काळीसावळी, भरल्या अंगाची, कबड्डीत तिच्या पकडीतून सुटायला समोरच्या मुली रडकुंडीला यायच्या. तालुक्याला तिने मिळवलेली ढाल सचिवांच्या टेबलामागे मांडलेली होती. एका दुपारी ती पुडी घेऊन जात असताना रस्त्यावरच्या पोरांनी आरोळ्या ठोकल्या, "कबड्डी, कबड्डी" असं ओरडत तिच्यामागे थोडं चालतही आले. ती खड्ड्यापर्यंत गेली, परत आली, जेवली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला आणि घरी काम आहे म्हणून तिला पेटीसकट घेऊन गेला. मी पाड्यावर जाऊन आले. ती माझ्याशी बोललीच नाही. तिची आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे मॅडम. घरी काय थोडं काम हाय?"

रविवारी मी शहापूरची एसटी धरली. काकी भाजी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. गटार, चादर, खड्डा, सुगंधा. त्यांनी देठं गोळा केली, उठून डब्यात टाकली, कपाटाचं दार लावलं आणि मला विचारलं, "भिंत कितीक जाड हाय?"

त्याच आठवड्यात दोघं धसईच्या स्टँडवर उतरले. काकांच्या खांद्यावर हत्यारांची गोणी, काकींच्या डोक्यावर पत्र्याचे डबे एकात एक घातलेले. ऑफिसात चहा मांडला होता, तो तसाच राहिला. काकी एकेका बाथरूममध्ये शिरल्या, दार लावून घेतलं, बादली भरून ठेवली, तिथे उभ्या राहिल्या, वाकल्या, बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "हितं आत काय ठेवलं तर पोरगी बाहेर ठेवावी लागंल. भिंतीत घालायला पायजे."

त्यांची युक्ती अशी होती. कोपऱ्यात, बादलीच्या वर, भिंतीच्या जाडीतच एक तिकोनी कपाट. आतून झुकणारं दार, त्यातून मुलीने टाकायचं. त्याच भिंतीच्या पलीकडे मागची बोळ होती, तिथे कुणी जात-येत नसे. त्या बाजूने दुसरं दार, कुलपाचं. साफसफाईच्या मावशींनी सकाळी बोळीतून डबा ओढून घ्यायचा, तिथेच कडेला केर जाळायला विटांची बंद भट्टी बांधायची, तीत रिकामा करायचा, धुऊन परत सारायचा. कुठल्याही मुलीला हातात काही घेऊन अंगणात यायलाच नको.

"भिंत फोडायला सचिवसाहेबांना विचारावं लागेल," मी म्हटलं.

"हो बोलतील?"

"लगेच नाही बोलणार."

"मग तू काय बोलतेस?"

मी मुलींच्या खोल्यांकडे बघितलं. खिडक्यांतून डोकी दिसत होती. "फोडा," मी म्हटलं.

काकांनी छिन्नी लावली. ठोक्यांचा आवाज ऐकून मुली हळूहळू जमल्या. काकी पायरीवर बसून पत्रा कापत होत्या आणि बोलत होत्या. कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"मी सातवीला व्हते. मुरबाडला आत्याकडं ऱ्हाऊन शिकत व्हते. तवा पॅडबिड कुठलं, फडकी. ती लपवायला आत्याच्या घरात एक कोपरा नाय. मी पडवीला कुडाच्या खाली खोचून ठेवायची. एकदा अंगणात पाव्हणे बसलेले. कुत्र्यानं वढून काढलं आणि आणून मधोमध टाकलं." त्यांनी कात्री थांबवली नाही. "कोण काय बोललं नाय. आत्या पण नाय. मी दप्तर ठेवलं आणि गावाला गेली. कुणी मला शाळंतनं काढलं नाय गो. मी आपली आपण गेली."

काकींनी पत्रा फिरवून घेतला.

"त्या कुत्र्याचा मला राग नाय आला कधी. त्या घरात कोपरा नव्हता, त्याचा आला."

भिंतीवरचे ठोके थांबले होते. काका छिन्नी तशीच धरून बायकोकडे बघत होते. इतका संसार झाला, इतके डबे बसवले, पण ही गोष्ट त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली असावी. मग त्यांनी हात पुढे केला. "ती मोठी हातोडी दे गो," ते म्हणाले, आणि त्यानंतर भिंत फार भराभर फुटली.

स्वयंपाक्याने फोन केला असणार, दुपारी सचिव येऊन थडकले. पहिल्या दोन बाथरूमना आरपार भोकं पडली होती आणि त्यातून मागची बोळ दिसत होती.

"हे काय चाललंय? कुणाला विचारून?"

मी पुढे झाले. "साहेब, मी सांगितलं."

"तुम्हाला तसा अधिकार आहे?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, भोकाकडे बघितलं. "आणि हे कशासाठी?"

"पॅड टाकायला," काकी म्हणाल्या.

सचिव दचकले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "बाई, जरा हळू बोला. पुरुषमाणसं आहेत इथे."

"ह्यो माझा नवरा. याला ठाव हाय. तुमी घरसंसारी, तुमाला ठाव हाय. मग हळू कुणासाठी?"

"अहो, पण तसली सोय आम्ही केलीय. खड्डा खणून दिलाय ना."

काकी उत्तर द्यायला उठत होत्या, तेवढ्यात मागून आवाज आला. रंजना. सुगंधाच्या संघातली, तिच्याच शेजारी खेळणारी. एरवी प्रार्थनेला पुढे उभं केलं तरी जिचा आवाज फुटत नसे, ती पोर.

"साहेब, खड्डा लांब हाय. पोरं हसतात आमाला. सुगंधा त्याच्यानंच गेली."

"सुगंधा? कबड्डीवाली? ती त्यामुळे गेली?" सचिवांनी मला विचारलं. "घरी काम होतं म्हणून गेली, असं मला सांगितलं."

"मग काय सांगनार साहेब?" रंजना म्हणाली. "तुमी तर हळू बोला बोलता."

एक क्षण मला भीती वाटली. मग दुसरी एक मुलगी म्हणाली, "मी पण जानार व्हते." तिसरी म्हणाली, "माजी बहीण तशीच गेली." आणि मग सगळ्याच बोलायला लागल्या, एकमेकींच्या वर आवाज चढवून. कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं, पण त्या बोलत होत्या, दिवसाउजेडी, अंगणात उभ्या राहून, पुरुषमाणसांसमोर. मी त्यांची अधीक्षिका होते. त्यांना गप्प करणं माझं काम होतं. मी ते केलं नाही.

सचिवांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मग काकांच्या बाजूला जाऊन भोकातून पलीकडे बघितलं आणि विचारलं, "वरची भिंत खाली नाही ना येणार?"

"नाय. वर आडवी दगडी फाडी टाकतो," काका म्हणाले.

"किती वेळ लागेल?"

"तुमी बाजूला सरकलात तर लवकर व्हईल," काकी म्हणाल्या.

ते खरंच बाजूला सरकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाठवलेला गवंडी सिमेंटच्या गोणीवर बसून वाट बघत होता.

कपाटं झाली. पत्रा वाजू नये म्हणून काकांनी प्रत्येक दाराच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. दारांना कुठला रंग द्यायचा यावर चर्चा झाली. सचिवांनी भिंतीचाच द्या, उगाच नजरेत नको, असं सुचवलं होतं. काकींनी पोपटी दिला. "रातच्याला उठल्यावर पोरींना दिसायला नको?" त्या म्हणाल्या.

मग त्या मला म्हणाल्या, "चल, त्या पोरीकडं."

पाड्यापर्यंत जीप जात नव्हती. शेवटची चढण काकी गुडघ्यावर हात ठेवून चढल्या. सुगंधा अंगणात नाचणी पाखडत होती. आम्हाला बघून ती आत जायला लागली. काकी तिच्या सुपाशेजारी बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "मी तुला न्यायला नाय आले. तुज्या बाथरूमात आमी एक वस्तू केलीय. ती नीट झाली का नाय ते मला कळत नाय. मी तिथं राहत नाय ना. तू बघ. नाय आवडली तर सांग, मोडून टाकू."

सुगंधाने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "जा, बघून ये."

ती आली. पेटी न घेता आली, हे मी बघितलं होतं. बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. बाहेर काकी, काका, मी आणि सगळं वसतिगृह. आतून कपाट उघडल्याचं-लावल्याचं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून रंजनाने हाक मारली, "उघडलंस का गो?"

"कवाच. चारदा उघडलं," आतून आवाज आला. "आवाजच येत नाय."

काकांनी कानावरची पेन्सिल सारखी केली.

मग दार उघडून सुगंधा बाहेर आली आणि काकींना म्हणाली, "डब्याचं झाकन उलटं लावलंय. भिंतीकडं उघडतं. हात आपटतो."

मला वाटलं, आता काकी पत्र्याला दोष देणार. त्या उठल्याच. सुगंधाचा हात धरला, तिला काकांच्या पुढ्यात उभं केलं आणि म्हणाल्या, "अवो, ऐका पोरगी काय बोलते! मी एवढी वीत घालून मोजलं, मला नाय दिसलं. हिला दिसलं. सगळी झाकणं काढा." काकांनी सगळी झाकणं काढली आणि फिरवून लावली. सुगंधा प्रत्येक बाथरूममध्ये जाऊन तपासत होती. काम संपेपर्यंत शेवटची बस गेली होती, म्हणून ती राहिली. दुसऱ्या दिवशी भाऊ पेटी घेऊन आला.

ती दहावी झाली. मुरबाडला कॉलेजात गेली. कबड्डी चालूच होती. मुरबाडला असताना ती अधूनमधून शहापूरला काकींकडे जायची, हे मला खूप उशिरा कळलं. काकी म्हणाल्या, "येते, कपाटं उघडते, नावं ठेवते, जेवते आणि जाते."

गेल्या वर्षी संस्थेने मुरबाडला मुलींसाठी नवं वसतिगृह बांधायचं ठरवलं. सचिवांनी मला फोन केला, "काकींना घेऊन या." काकींना आता चालायला काठी लागते, पण त्या निघाल्या. काकांना टेप घेऊन यायला सांगितलं. वाटेत कॉलेजवरून सुगंधालाही गाडीत घेतलं.

सचिवांच्या टेबलावर नकाशा पसरला होता. शेजारी इंजिनिअर, तरुण मुलगा, नम्र. सचिवांनी आमची ओळख करून दिली आणि त्याला खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रत्येक बाथरूममध्ये मुलींना पॅड टाकायला भिंतीत कपाट पाहिजे. आतून एक दार, बाहेरून एक. कुठे बसवायचं ते या सांगतील." खोलीत टायपिस्ट होता, शिपाई होता, बाहेर पालक बसले होते. सगळ्यांना ऐकू गेलं. सचिव आपल्याच आवाजाने थोडे चमकल्यासारखे झाले, पण त्यांनी तो खाली आणला नाही.

इंजिनिअरने पेन्सिल काकींपुढे धरली. काकींनी ती घेतली, नकाशा फिरवून एकदा बघितला आणि पेन्सिल सुगंधाच्या हातात दिली.

"मी?" सुगंधा म्हणाली.

"मग काय ह्यांना देऊ?" काकी काकांकडे मान करून म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या.

सुगंधा टेबलावर ओणवी झाली. एकेका खोलीत, एकेका कोपऱ्यात ती छोटे त्रिकोण काढत गेली. मध्ये थांबून इंजिनिअरला विचारायची, दार कुठल्या बाजूला उघडतं, नळ कुठे, बादली कुठे. तो सांगत होता. काका मान हलवत होते. काकींचे हात मांडीवर शांत होते. वितीने मोजायलासुद्धा त्या पुढे झाल्या नाहीत. पोरीकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि मी त्यांच्याकडे.

"इथे आपण छान मोठं बेसिन देतोय," इंजिनिअर एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाला. "इथे काही बसणार नाही."

"द्या ना बेसिन," सुगंधा म्हणाली आणि पेन्सिल बरोबर त्याच जागी टेकवली. "बेसिन तुमचं. त्याच्या खालची जागा आमची."